पाच मापाची चकती

हल्ली जो तो हलती चकतीच मागतो. मानेतली गादी झिजली, हाताला मुंग्या यायला लागल्या, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, की पेशंट आधी खिशातून मोबाइल काढतो, कुठलातरी व्हिडिओ दाखवतो आणि म्हणतो, आम्हाला जोडबीड नको, हलणारं बसवा. पूर्वी सरळ काम होतं. खराब गादी काढायची, तिथे छोटासा पिंजरा ठेवायचा, वरून पट्टी मारायची. वरचा आणि खालचा मणका कायमचा एक होऊन जायचा आणि दुखणं थांबलं म्हणून माणूस खूश असायचा. आता धातूच्या दोन तबकड्या, मध्ये प्लॅस्टिकची गोटी, आणि मान पहिल्यासारखी हलते. हलते हे खरं आहे, माझं पोटच त्यावर चालतं. माझा राग लोकांवर नाही. माझा राग पेट्यांवर आहे.

मी पेटीवाला. कंपनीच्या कागदावर माझा हुद्दा दोन ओळींचा आहे, पण दवाखान्यात सगळे पेटीवालाच म्हणतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हत्यारांची आणि चकत्यांची पेटी पोचवायची, ऑपरेशन चालू असताना टेबलापासून दोन हात लांब उभं राहायचं, सर्जन माप सांगतील ते पाकीट काढून द्यायचं आणि उरलेलं सामान परत न्यायचं, एवढं माझं काम. पेटीत चकत्यांची बारा पाकिटं असतात. पाच, सहा आणि सात मिलिमीटर उंचीची प्रत्येकी चार. पाकिटं सगळी एका रंगाची, माप बाजूला बारीक अक्षरात छापलेलं. खणात ठेवलं की वरून सगळी सारखीच दिसतात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या विभागात महिन्याला चाळीस ऑपरेशनं व्हायची, आता दीडशे होतात. पेट्या तेव्हा नऊ होत्या, आताही नऊच आहेत. वर कळवलं की उत्तर येतं, मागणी वाढल्याबद्दल अभिनंदन. त्यातून सगळ्यात जास्त खपतं पाचाचं माप. साताचं कुणालाच लागत नाही, त्याचा गोदामात ढीग पडलेला असतो. पाचाची पाकिटं आली की दुसऱ्या दिवशी संपतात, आणि तोवर पुढची पेटी रवाना करायची वेळ झालेली असते.

आणि प्रत्येक दवाखान्यात एक नियम आहे. ऑपरेशनच्या आधी सिस्टर पाकिटं मोजतात. बारा भरली तर पेशंट आत घेतात. अकरा निघाली तर ऑपरेशन रद्द, मग पेशंट सकाळपासून उपाशी असला काय आणि त्याच्या बायकोने रडून गोंधळ घातला काय. बारांत कुठली मापं आहेत ते कुणी बघत नाही, कारण ते बघणं पेटीवाल्याचं काम. म्हणून आम्ही पेटीवाले भरती करतो. पाचाच्या रिकाम्या खणात साताचं पाकीट सरकवून द्यायचं. बारा भरतात, सिस्टर सही करतात, ऑपरेशन होतं. पेशंटचे फोटो आधीच पाहिलेले असतात, त्याला सहा लागणार हे आम्हाला ठाऊक असतं, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. मला अकरा वर्षांत यात काही गैर वाटलं नाही. उलट नवीन लोकांना मीच ते शिकवलं.

भरलेल्या पेटीला हिरवी चिठ्ठी लावायची, त्यावर ‘पूर्ण’ लिहायचं आणि सही करायची. भरती केलेली पेटी काम झालं की त्याच दिवशी उपसून भरतीची पाकिटं बाहेर काढायची, असं आमचं आपसात ठरलेलं. कधी जमायचं, कधी नाही.

माझी ताई सार्वजनिक तलावावर मुलांना पोहायला शिकवते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि लहानपणापासून मला धारेवर धरायचा तिचा हक्क तिने कधी सोडलेला नाही. नऊ वर्षांपूर्वी ती तलावाच्या पायऱ्यांवरून पडली तेव्हा मानेतले दोन मणके जोडावे लागले होते. ते निभावलं. गेल्या वर्षी त्याच्या खालची गादी गेली. उजव्या हाताची बोटं बधिर झाली, शिट्टी हातातून गळून पडायला लागली. सर्जनांनी फोटो पाहून स्पष्ट सांगितलं, की हेही जोडलं तर दुखणं थांबेल, पण मान बरीच अडकेल. पोहताना श्वास घ्यायला मान वळवण्याऐवजी अख्खा खांदा वळवावा लागेल. ताई त्यांना म्हणाली, “मग मी पोरांना काय शिकवू, बुडायला?” सर्जनांना हसू आलं म्हणे, मला ऐकून आलं नाही. हलती चकती बसवायचं ठरलं. पाचाचं माप लागेल, असं सर्जन म्हणाले. मीही फोटो पाहिला होता, पाचच होतं.

रांग एवढी मोठी होती की तिचा नंबर लागायला अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत ती डाव्या हाताने चहा ढवळायला, डाव्या हाताने कुलूप उघडायला शिकली. तलावावर तिने सुट्टी घेतली नाही, काठावर खुर्ची टाकून बसायची आणि ओरडून शिकवायची. भाऊजी सांगायचे, घरी आल्यावर ती अर्धा तास कुणाशी बोलत नाही. मी गेलो की मात्र विचारायची, “तू आत असशील ना?” मी म्हणायचो, असेन. “आणि माझी ती चकती?” मी म्हणायचो, ताई, दुनियेला देतो, तुला नाही देणार का?

नातेवाइकाच्या ऑपरेशनला पेटीवाल्याने आत थांबायचं नाही असा कंपनीचा नियम आहे. मी कुणाला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असतं, आणि माझा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. हे आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

ताईसाठी मी चार नंबरची पेटी राखून ठेवली होती. गोदामातून पाचाची दोन पाकिटं भांडून मिळवली, खणात ठेवली, तीनदा उघडून पाहिली. ऑपरेशन गुरुवारी होतं. बुधवारी सकाळी मी दुसऱ्या दवाखान्यात असताना आमच्या घाईसाहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी (त्यांना सगळंच तातडीचं असतं, म्हणून हे नाव), चार नंबरची पेटी भलतीकडेच पाठवून दिली. मी परत येऊन बघतो तर फळी रिकामी. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन खूप बोललो. ते फोनवरून नजर न काढता म्हणाले की एवढं डोकं फिरवून घ्यायला काय झालं, सात नंबरची पेटी पूर्ण आहे, ती ने.

मी सात नंबरची पेटी खाली काढली. झाकणावर हिरवी चिठ्ठी होती. ‘पूर्ण’. खाली माझी सही.

दुसऱ्या कुणाची सही असती तर मी पेटी तिथेच उघडली असती. लोकांच्या पेट्या मी नेहमी उघडून बघतो, त्यावरून माझी भांडणंही झालेली आहेत. पण सही माझी होती, आणि मी ‘पूर्ण’ लिहितो तेव्हा ते पूर्ण असतं असं मी इतकी वर्षं सगळ्यांना ऐकवत आलो होतो. दहा दिवसांपूर्वी एका दवाखान्याचा सकाळी सातला फोन आला होता, पाचाचं एकही पाकीट नव्हतं, मी याच पेटीचा पाचाचा अख्खा खण साताने भरून पाठवला होता. त्या पेशंटला ताप आला, ऑपरेशन पुढे गेलं, पेटी न उघडता परत आली आणि फळीवर जाऊन बसली. अशा महिन्याला पंधरा-वीस भरत्या करतो मी. कुठली लक्षात ठेवणार? मी पेटी उचलली आणि ताईच्या दवाखान्यात पोचवून आलो.

गुरुवारी सकाळी ताई मजेत होती. आत नेताना तिने मला हिरव्या कपड्यांत पाहिलं आणि हळूच म्हणाली, टोपीत अगदी बावळट दिसतोस. सिस्टरांनी पाकिटं मोजली, बारा भरली, सही झाली. तिला भूल दिली. मी माझ्या जागेवर उभा राहिलो. चादरीखाली आपली बहीण आहे हे विसरायचं ठरवलं होतं, आणि बऱ्यापैकी विसरलोही. सर्जनांचा हात चांगला आहे. पाऊण तासात त्यांनी खराब गादी पूर्ण काढली, नस मोकळी केली, आणि मापाचे ठोकळे मागितले. आधी सहाचा ठोकळा घालून पाहिला. एक्स-रेच्या पडद्यावर दिसत होतं, मणके ताणले जात होते, मागचे सांधे उघडत होते. त्यांनी तो काढला आणि पाचाचा घातला. तो अगदी बरोबर बसला. ते म्हणाले, “छान. पाच दे.”

मी पाचाच्या खणातून पाकीट काढलं. सिस्टरांच्या हातात द्यायच्या आधी माप मोठ्याने वाचायचं, ही पद्धत. मी वाचायला तोंड उघडलं आणि बाजूला सात छापलेलं दिसलं. ते ठेवून दुसरं काढलं. सात. तिसरं. चौथं. सिस्टर म्हणाल्या, अहो, बारा होती, मी स्वतः मोजली. मी म्हटलं, हो, बाराच आहेत.

सर्जनांनी मान वर केली. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले की पंधरा मिनिटं थांबतो, कुठून आणतोस ते बघ.

मी बाहेर येऊन फोन लावत सुटलो. चार नंबरची पेटी जिथे गेली होती तिथला आमचा माणूस म्हणाला, दोन्ही पाच आत्ताच बसवली, त्या बाईंना दोन ठिकाणी लागली. गोदामात दोन होती, पण गोदाम गाडीने साडेतीन तासांवर. बाकीच्या पेटीवाल्यांना विचारलं. एकाने स्वतःहूनच सांगितलं की त्याच्या पेटीत भरती आहे. दुसरा उघडून बघतो म्हणाला, आणि बघितल्यावर तोही भरतीच म्हणाला. शेवटी घाईसाहेबांना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सहा बसवायला सांग. थोडा जोर लावला की बसतं.”

बसतं, हे मलाही ठाऊक आहे. जोर लावून बसवलेली मोठी चकती हलत नाही आणि दुखत राहते, हेही ठाऊक आहे. मी फोन ठेवून दिला. आत गेलो तेव्हा पंधराची अठरा मिनिटं झाली होती. सर्जनांनी विचारलं, मग? मी सांगितलं, नाही मिळालं. ते म्हणाले, सहा? मी म्हटलं, “नको साहेब. तुम्हीच पाहिलंत, ताणतंय.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग सिस्टरांना म्हणाले, पिंजरा आणि पट्टी काढा.

पुढची चाळीस मिनिटं मी तिथेच उभा होतो. निघून जायची सोय नव्हती, कारण पिंजऱ्याची पेटीही माझीच होती. त्यात सगळी मापं होती. ती हल्ली कुणी मागत नाही ना. सर्जनांनी माप सांगितलं, मी वाचून दिलं, त्यांनी ठोकून बसवलं, पट्टीला चार स्क्रू मारले. प्रत्येक स्क्रू फिरताना मला वाटत होतं, आता तरी कुणीतरी दार उघडून पाकीट घेऊन येईल.

बाहेर सर्जनांनी भाऊजींना बाजूला घेतलं. ऑपरेशन चांगलं झालं, नस मोकळी झाली, हाताची ताकद परत येईल, मात्र आत गेल्यावर माप जुळलं नाही म्हणून जोडावं लागलं, असं सांगितलं. भाऊजी साधे माणूस, त्यांनी हात जोडले. जाताना सर्जन माझ्याजवळ थांबले आणि हळूच म्हणाले की पुढच्या वेळी पाकिटं मी स्वतः बघणार. मी म्हटलं, बघा साहेब. त्यांना मी तिचा भाऊ आहे हे अजूनही माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने घाईसाहेबांचा फोन आला. आवाज एकदम मवाळ. सर्जनांनी जे सांगितलंय तेच आपलं, असं म्हणाले. माप जुळलं नाही. त्यात खोटं काय आहे? भरतीचा शब्द काढलास तर तुझी एकट्याची नाही, सगळ्याच पेटीवाल्यांची नोकरी जाईल, त्यांची पोरंबाळं आहेत, विचार कर. वर आणखी म्हणाले, यातून धडा घेऊ, वर पेट्या मागू. मी म्हटलं, तीन वर्षं मागतोय. ते म्हणाले, आता जोर लावून मागू. माझ्या तोंडून शिवी गेली, पण तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

दुपारी ताईला खोलीत आणलं. गळ्याला कडक पट्टा, हनुवटीपासून छातीपर्यंत. पलंग डोक्याकडून थोडा उचललेला होता. भाऊजी औषधं आणायला खाली गेले होते, मी तिच्या समोर स्टुलावर बसलो. तिने उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली, मिटली. मग पुन्हा. घोगऱ्या आवाजात म्हणाली, मुंग्या गेल्या रे. मी म्हटलं, हो, जाणारच होत्या. ती थोडा वेळ नुसती बोटांकडे बघत राहिली. एवढ्यावरच सगळं थांबावं असं मला वाटत होतं.

ती म्हणाली, “हे म्हणाले, जोडावं लागलं. माप जुळलं नाही.”

मी मान हलवली.

“माझंच चुकलं असणार,” ती म्हणाली. बोलायला त्रास होत होता, मधे मधे थांबत होती. “डॉक्टर म्हणाले होते, पाण्यात उतरू नका. मी दोनदा उतरले. एक पोरगी घाबरली होती, तिला सोडून कशी राहणार? हाडं सरकली असतील. तेव्हाच गप्प बसले असते तर बसली असती ना ती चकती?”

माप जुळलं नाही यात खोटं काय, असं घाईसाहेब म्हणाले होते. मला ते शब्द कितीतरी वेळ तोंडात घोळवता आले असते. आणखी दोन महिने गेले असते, आणि ताईने स्वतःलाच दोष देऊन प्रकरण मिटवलं असतं. तिचा स्वभाव मला माहीत आहे. दुसऱ्याची चूक असली की ती घर डोक्यावर घेते, स्वतःची वाटली की आयुष्यभर गुमान वाहते.

“तू काही केलं नाहीस,” मी म्हटलं. “तुझं माप बरोबर होतं. पाच. पेटीत पाच नव्हतं.”

तिला कळलं नाही. कुणी ठेवलं नाही, असं तिने विचारलं.

मी सांगितलं. भरती म्हणजे काय ते सांगितलं, बारा का भरावी लागतात ते सांगितलं, हिरवी चिठ्ठी सांगितली, सही कुणाची होती ते सांगितलं. घाईसाहेबांनी चार नंबरची पेटी पाठवून दिली हेही सांगायला लागलो, पण ते मधेच सोडून दिलं. पाठवली होती हे खरं, पण सात नंबरची मी उघडली नव्हती. उघडायला एक मिनिट लागलं असतं. बुधवारी दुपारपासून रात्रीपर्यंत वेळ होता, गाडी गोदामाला जाऊन परत आली असती.

तिने मधे एकदाच विचारलं, “अकरा वर्षं असंच करतोस?” मी हो म्हटलं. “आणि ज्यांना ज्यांना मी सांगितलं, माझा भाऊ आत असतो, काळजी करू नका...” तिने वाक्य पूर्ण केलं नाही. तलावावरच्या दोन मुलांच्या आया आणि एक आजोबा तिच्या शब्दावर आमच्याकडे ऑपरेशनला आले होते. त्यांच्या चकत्या कुठल्या पेटीतून गेल्या, ते मला आता आठवणारही नव्हतं.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पट्ट्याच्या काठापर्यंत गेलं. मी पुसायला रुमाल काढला, तिने हात वर करून मला अडवलं. तोच उजवा हात, अगदी घट्ट. मग ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता बोलेल, लहानपणी बोलायची तशी दहा मिनिटं सलग बोलेल, आणि मी ऐकून घेईन. मी वाट बघत होतो. तिचा चेहरा एका बाजूला जायला लागला, पट्टा उशीवर थोडासा घासला आणि चेहरा आहे तिथेच राहिला. तिने पुन्हा प्रयत्न केला.

“तू ऊठ,” ती म्हणाली. “मला तुझं तोंड बघायचं नाही, आणि मान वळवता येत नाही. तूच ऊठ.”

मी उठलो. पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो, पण तिथेही मी तिच्या समोरच होतो. डावीकडे भिंतीपाशी सरकलो, तरी तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात अर्धा मी दिसतच होतो. मग मी दार उघडून बाहेर गेलो.